आधी धरेना, मग सोडेना

मला एका जागी बसता येत नाही. आजही येत नाही. सून म्हणते, आई, जेवताना तरी चार घास बसून खा. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लागलीय. आणि नेमकं मलाच त्या दसऱ्याला सकाळपासून गाडीत बसवून ठेवलं होतं, डावा पाय क्लचवर. खालून अण्णा, म्हणजे माझे वडील, ओरडले की दाबायचा, त्यांचे सोबती बाळूकाका ओरडले की सोडायचा, आणि दोघं एकदम ओरडले की काय करायचं ते माझं मी ठरवायचं. बाहेर सगळ्या वसाहतीत तोरणं लागलेली, घराघरांतून पुरणाचा वास येतोय, पोरं आपट्याची पानं घेऊन पळतायत, आणि मी नव्या परकर-पोलक्याचं वय संपून साडीचं अजून न आलेलं, अशा मधल्या वयात, कालचाच मळका ड्रेस घालून त्या पेडलवर पाय आपटत होते. आणि मनात एकच. संध्याकाळच्या आत ही गाडी सटाण्याला पोचली नाही, तर आई परत येणार नाही.

आधी आमच्या घराचं सांगते, नाहीतर हे सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. अंबडच्या अलीकडे कामगारांची वसाहत होती, तिथं आमच्या दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्याखाली तुळस. कारखान्याचा भोंगा हेच आमचं घड्याळ. भोंगा झाला की आई कुकर उतरवायची, अण्णा सायकल काढायचे. अण्णा फिटर. हाताला इतका साफ माणूस मी दुसरा पाहिला नाही आणि जिभेला इतका मुका पण. वर्षानुवर्षं तेच तेच मशीन उघडून त्यांना कंटाळा आला म्हणा, की कोणाचं ऐकून डोक्यात किडा शिरला म्हणा, एक दिवस ते नोकरी सोडून आले आणि दुसऱ्या दिवशी दारात एक जुनी, पिस्त्याच्या रंगाची गाडी उभी राहिली. भाड्याने फिरवणार म्हणे. त्र्यंबक, शिर्डी, वणी, लोकांना देवाला नेणार. स्वतः मात्र देवाच्या वाटेला जायचे नाहीत. कारखान्यात खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची, तेव्हासुद्धा पेढा वाटायची वेळ झाली की मगच पुढं यायचे.

ही गाडी घेताना त्यांनी बाळूकाकांना विचारलं होतं. शेजारच्या पाटीलकाकांना विचारलं होतं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यालासुद्धा विचारलं होतं, टायर कसे वाटतात म्हणून. आईला विचारलं नव्हतं. आईने भांडण केलं नाही. ती सटाण्याची, तिकडच्या बायकांचा आवाज तसा मोठा. पण खरा राग आला की आई गप्प व्हायची आणि शेंगदाणे कुटायला घ्यायची. त्या महिन्यात आमच्याकडे इतकं दाण्याचं कूट झालं की मी डब्यात रोज चटणीच नेत होते. एकदाच म्हणाली, "साऱ्या गावाला विचारलं. माझंच तोंड कुठं दिसलं नाही." अण्णा पाना पुसत राहिले. 

मग आला सटाण्याच्या मावसभावाचा साखरपुडा. आई नवी जांभळी साडी नेसून पहिल्यांदा त्या गाडीत बसली, मांडीवर धाकट्या पप्याला घेऊन. मी मागे. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, आई खिडकीतून बाहेर बघत होती आणि मला वाटतं, तिचा राग जरा निवळत होता, कारण तिने एकदा काच खाली करून बघितली, परत वर केली. आणि भावडबारीच्या चढावर गाडीने जीव सोडला. इंजिन कोकलतंय, पण गाडी पुढं जाईना. जळका वास सुटला. क्लच धरतच नव्हता. क्लच म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं: इंजिनाचं फिरणं चाकांपर्यंत न्यायचं की मध्येच तोडायचं, ते ठरवणारी एक प्लेट असते. ती दाबून धरली तर गाडी चालते, सुटी झाली की गिअर बदलता येतो. आमची प्लेट झिजून गुळगुळीत झाली होती. विकणाऱ्याने अर्थातच सांगितलं नव्हतं, आणि अण्णांनीही उघडून बघितली नव्हती.

आई तासभर त्या जांभळ्या साडीत दगडावर बसली. ऊन मी म्हणत होतं. अण्णा गाडीखाली. मग पिंपळगावला कांदा विकून सटाण्याकडे परतणारा एक ट्रॅक्टर आला. आईने हात केला, पप्याला वर चढवलं, स्वतः साडी खोचून ट्रॉलीत चढली. कांद्याची सालपटं उडत होती सगळीकडे. वरून म्हणाली, "मला न्यायचं असंल तर ह्याच गाडीने यायचं. एस्टीने आलात तर दारातून परत पाठवीन." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू ऱ्हा त्यांच्यासंगं. एकटे हाल करून घेतील." मला वाटलं होतं, दोन दिवसांचा प्रकार. तिने मागे वळून पाहिलं नाही, हेच मला जास्त लागलं.

पितृपक्ष गेला, नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसले नाहीत. पाटीलकाकू रोज विचारायच्या, "आई कधी येणार गं?" मी म्हणायची, "दसऱ्याला." हे काही मी हवेत बोलत नव्हते. पाटलांकडे फोन होता, त्यावर मामाचा निरोप आला होता: ताई म्हणते, दसऱ्याला सोनं द्यायला गाडी घेऊन या. नाही आलात तर पप्याचं नाव इथल्या शाळेत घालते, आणि मग वाट बघू नका. अण्णांनी निरोप ऐकला, "बरं" म्हणाले आणि खिचडी ढवळायला गेले. खिचडी करपली होतीच. त्या दिवसांत आमचं जेवण म्हणजे खिचडी, नाहीतर कोपऱ्यावरची मिसळ. मला आईच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची इतकी आठवण यायची की एकदा मी रिकामा तवाच गॅसवर ठेवून वास येतो का बघितला होता. हसा खुशाल.

नवी प्लेट अगदी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आली. दरवर्षी खंडेनवमीला आई घरातली हत्यारं पाटावर मांडायची: विळी, पाना, पक्कड, माझी कंपासपेटी. हळदकुंकू, झेंडूचं फूल, झालं. अण्णा तेव्हा कारखान्यात असायचे, त्यांनी ती पूजा कधी पाहिली नव्हती. या वर्षी मी म्हटलं, मीच करते, आणि सकाळी फुलं आणायला पंचवटीत गेले. गर्दी काय ती! येईपर्यंत ऊन चढलं. घरी आले तर मोरीत मधाची बाटली आडवी, रिकामी. साखरेच्या डब्याचं झाकण उघडं. म्हटलं, "अण्णा, मध?" म्हणाले, "घसा धरलाय." मी फुलं वाहिली, हत्यारांना कुंकू लावलं. प्लेट पाटावर नव्हती. अण्णा म्हणाले, ती मी पुसून ठेवलीय, तिला हात लावू नकोस. दुपारी बाळूकाका आले. हे अण्णांचे कारखान्यातले सोबती, लेथवर काम करायचे, निफाडकडचे, आणि आपल्याला विमानसुद्धा दुरुस्त करता येतं अशी त्यांची स्वतःबद्दल खात्री. दोघांनी गिअरबॉक्स खाली उतरवला, नवी प्लेट घातली, गिअरबॉक्स परत चढवला. अंधार पडायला लागला, म्हणून चालवून बघायचं सकाळवर टाकलं.

आणि सकाळी हे असं. इंजिन सुरू, मी क्लच पार तळाशी दाबलेला, आणि गिअर पडेना. नुसतं घर्रर्र करून दात खात होता. इंजिन बंद केलं की लोण्यासारखा पडायचा. बाळूकाका म्हणाले, "वा रे वा! आधी धरत नव्हता, आता सोडंना. गाडी हाय का सासू हाय?" मग त्यांनी क्लचची तार ताणली. काही फरक नाही. आणखी ताणली. पेडल इतकं कडक झालं की मला अर्धवट उभं राहून दाबावं लागायचं. फरक नाही. मग दोघं बाहेर आले, जॅक काढला आणि अण्णा म्हणाले, नंदे, गिअरमध्येच टाकून स्टार्टर मार, क्लच दाबलेलाच ठेव. मी मारला, तशी गाडीने अशी उडी घेतली की पाटीलकाकूंची अर्धी रांगोळी गेली. काकू बाहेर आल्या, मी माफी मागेपर्यंत बाळूकाका तिथूनच ओरडले, "प्लेट उलटी बसवली तू, दुसरं काय!"

झालं. अण्णांना फितूर म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण उलटी प्लेट! "इतकी वर्षं फिटिंग केलंय मी." "मशीनीचं केलंस. गाडीचं नाय." "बाजू बघूनच घातलीय." "मग सोडंना का?" "मला काय विचारतोस, तार तू ताणलीस." दोघं पुन्हा जॅक लावून गाडीच्या दोन बाजूंना आडवे पडून, एकमेकांची तोंडं न बघता भांडत होते आणि मी मध्ये, वर, पेडलवर. ऊन आत येत होतं. प्रत्येक येणारी एस्टी मोठ्या रस्त्यावर हॉर्न द्यायची आणि मला वाटायचं, अरे, हिच्यात बसून दोन तासांत सटाण्याला जाता येतं. पण एस्टीने गेलो तर दारातून परत.  मी म्हटलं, "अण्णा, मी चालत जाऊ का?" ते म्हणाले, "क्लच दाब."

शेवटी मला बसवेना. मी दार उघडलं आणि खाली उतरले, पाय मोकळे करायला म्हणून. आणि तेव्हा दिसल्या मुंग्या. ओट्यावरून एक रांग निघाली होती, अगदी शिस्तीत, अंगणातून, पुसलेल्या रांगोळीतून, गाडीखाली, जॅकवरून वर, आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी आत शिरत होती. मी म्हटलं, "अहो काका, गाडीला मुंग्या का लागल्यात?" बाळूकाका म्हणाले, "तुझ्या बापाने डबा ठेवला असंल आत." मी म्हटलं, ग्रीस खातात का मुंग्या? काका हसले. अण्णा हसले नाहीत. ते गाडीखालून सरपटत बाहेर आले, उकिडवे बसले, ती रांग बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं त्यांना कुठं दुखतंय.

"बाळू," ते म्हणाले, "गिअरबॉक्स खाली घे."

"परत? अरे, आपण तारेचं..."

"खाली घे म्हणतो ना."

घेतला. एकदा उघडलेलं सामान दुसऱ्यांदा लवकर सुटतं, तेवढंच बरं. वरचं झाकण निघालं. आतली प्लेट मात्र हलेना. ती सुटी होऊन हातात यायला हवी, ती इंजिनाच्या चाकाला परातीला वाळलेल्या कणकेसारखी चिकटून बसली होती. बाळूकाकांनी स्क्रूड्रायव्हर घालून ती उचकटली. टक्कन आवाज आला. त्यांनी ती उजेडात धरली, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि मग, खरं सांगते, जिभेला लावलं.

"गोड हाय," ते म्हणाले. "लेका, ही प्लेट गोड हाय! आणि हे काय? नंदे, इकडं ये. ही तुळस का काय?"

तुळसच होती. पुस्तकात दाबून ठेवावं तसं चपटं झालेलं एक पान, प्लेटवर. मग सगळं बाहेर आलं, म्हणजे अण्णांच्या तोंडून जितकं येतं तितकं. मी फुलांना गेले तेव्हा त्यांनी प्लेटची पूजा केली होती. हत्यारांची पूजा कशी करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आयुष्यात पाहिलेली एकच पूजा म्हणजे आई देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला ताम्हनात घालून पंचामृताने न्हाऊ घालायची ती. म्हणून त्यांनी ताम्हन घेतलं, दूध, दही, तूप, मध, साखर घेतली, आणि नव्या क्लच प्लेटला मनोभावे अंघोळ घातली. वर तुळस वाहिली. आणि नंतर देव पाण्याने धुतात हे ध्यानातच न आल्याने, नुसती हलकेच फडक्याने पुसून ठेवली. ती रात्रभर दाबाखाली वाळली आणि घट्ट बसली.

बाळूकाका आधी बघत राहिले, मग जमिनीवर बसून हसायला लागले. "अरे, तूप तरी जास्त घालायचं! सरकत तरी राहिली असती. मधाने चिकटवलीस तू!" अण्णा खाली बघत म्हणाले, "दरवर्षी ती करते. ह्या वर्षी घट नाहीत, काही नाही. तिला आणायला ह्याच्यातनं जायचंय. म्हटलं, काही राहायला नको." मला हसू आलं होतं, ते तिथंच थांबलं. बापाला पेढ्यापुरतं देवापुढं उभं राहताना पाहिलेली मी; त्यांनी ते ताम्हन कसं शोधलं असेल, मध कसा ओतला असेल, कोणी येत नाही ना म्हणून दाराकडे कितीदा बघितलं असेल, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मला त्यांची इतकी माया आली की मी उगाच काकांवरच खेकसले. "हसताय काय, साफ करा ना!"

काकांनी पेट्रोल घेतलं. घासघास घासलं, राप निघेना. मी म्हटलं, "साखरेला पेट्रोल काय करणार, कपाळ! गरम पाणी पाहिजे." आत गेले, पातेलंभर पाणी उकळलं. त्यात ती धुतली, चाकही त्याच पाण्याच्या फडक्याने पुसलं, मग उरलेल्या तुपासाठी पेट्रोल, मग पॉलिश पेपर. ओली प्लेट वाळणार कधी? आईचा भाकरीचा तवा मंद आचेवर ठेवला आणि त्याच्यापासून वीतभर वर, चिमट्यात धरून मी ती फिरवून फिरवून वाळवली. आजसुद्धा पापड भाजताना मला ती आठवते. माझा मुलगा परवा नवी गाडी घेऊन आला, तिच्यात क्लचच नाही, आपोआप गिअर बदलते. "आई, काही करावंच लागत नाही," म्हणाला. मी म्हटलं, छान. पण मनातून जरा वाईटच वाटलं.

प्लेट परत बसली. मी पेडलवर पाय ठेवला, इंजिन सुरू, दाबला, आणि गिअर असा हलकेच पडला की मला आधी खोटंच वाटलं. बाळूकाका म्हणाले, "जा आता, थांबू नका. आणि वैनीला सांगा, पूजा पावली." अण्णा गाडीत बसता बसता मला दटावून म्हणाले, "तिला ह्यातलं एक अक्षर बोलायचं नाही." कपडे बदलायलाही थांबलो नाही. ओझर, पिंपळगाव, मग भावडबारी. चढाला अण्णांनी गिअर बदलला, दोघांनीही श्वास धरला होता. गाडी गुमान चढली. मी खिडकीतून तो आईचा दगड बघितला, त्यांनीही बघितला असणार.

सटाण्यात पोचलो तेव्हा दिवे लागायला आले होते. मामा दारातच होता. "ताई!" तो आत बघून ओरडला, "गाडी उनी! आली गाडी!" आई बाहेर आली. जरा वाळली होती. आमच्याकडे बघितलं, आमच्या काळ्या हातांकडे, माझ्या ड्रेसकडे बघितलं. "सोनं द्यायची ही वेळ? सकाळपासून वाट बघतोय पोरगा." अण्णा म्हणाले, "क्लच सोडत नव्हता." "का?" अण्णांना खोटं बोलता यायचं नाही, ते पायातल्या चपलेकडे बघायला लागले. आई माझ्याकडे वळली. आणि माझ्या पोटात काही राहतं का? मी सांगून टाकलं. ताम्हन, मध, तुळस, मुंग्या, सगळं.

मला वाटलं, ती हसेल. मामा हसत होता, मामी पदर तोंडाला लावून आत पळाली. आई हसली नाही. ती अण्णांकडे बघत म्हणाली, "अहो, लोखंडाला कुणी पंचामृत घालतं का? नुसतं कुंकवाचं बोट लावायचं. विचारायचं तरी."

अण्णा म्हणाले, "विचारायला तू कुठं होतीस?"

ते वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. अगदी हरवलेल्या माणसासारखं म्हटलं होतं. आईने ओठ दाबून धरले. मग हात पुढं केला, म्हणाली, "सोनं द्या." अण्णांनी खिशातून आपट्याची पानं काढली, ती तेलाने काळी झाली होती. आईने ती घेतली, नमस्कार केला आणि मामीला हाक मारली, "वहिनी, ह्यांचं ताट वाढा गं. खापरावरचे मांडे आहेत, गरम करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पप्या माझ्या मांडीवर, आई पुढं, अण्णांच्या शेजारी. देवळा मागे पडलं, भावडबारी आली. घाटात अण्णांनी समोर बघतच, घसा खाकरून विचारलं, "ही गाडी ठेवू, का विकून टाकू? तू म्हणशील तसं."

 मी मागून आईचे खांदे बघत होते. त्या एका प्रश्नाची ती किती दिवस वाट बघत होती, हे मला माहीत होतं, आणि आता तो समोर आल्यावर ती खिडकीबाहेर बघत बसली होती. माझ्या पायाला पुन्हा भिंगरी. बोल ना गं बाई. तो दगड आला, मागे गेला. तिने डोळ्यांना पदर लावला, काढला.

"आधी घरी चला," ती म्हणाली. "मुंग्यांनी माझा सगळा ओटा पोखरला असंल."

अण्णांनी क्लच दाबला.